गं. भा. बापूसाहेबांचे तेरा दिवस

धार,
३१ मार्च २०२५

चि. ऋजुतास अक्काआजीचे अनेक आशीर्वाद.

पाडव्याचं पत्र मिळालं. लाल शाईनं सुधारून सोबत परत पाठवते आहे. तुझं मराठी म्हणजे आपले पोहे गं, खाली थोडं मराठी आणि वरून हिंदीची शेव. खायला बरं लागतं, म्हणून फार काही खोडलं नाही.

मोबाईलवर का नाही लिहायचं, असं पुन्हा विचारलंस. मोबाईलवर माणूस लिहितो, पस्तावतो आणि पुसतो. मग तिथे नुसतं भूत उरतं, "हा मेसेज डिलीट केला आहे." काय होतं त्यात, कुणाला शिवी होती का, काही कळत नाही. कागदावर खोडलेलंसुद्धा वाचता येतं. मला तर खोडलेलंच वाचायला जास्त आवडतं.

आता कामाचं. तुमच्या देवासच्या बापूसाहेबांचा फोन आला होता. मंडळाचे अध्यक्ष स्वतः फोन करतात म्हणजे मी पदर नीट केला. म्हणाले, "यमुनाबाई, सभासदांची यादी आता ऋजुता कॉम्प्युटरवर बघते. तुमची नोंद तेवढी तिच्याकडून दुरुस्त करवतो."

म्हटलं, "बिघाड काय झालाय नोंदीत?"

"तुमच्या नावापुढे अजून सौ. आहे. विश्वासराव जाऊन दोन वर्षं झाली. तिथे गं. भा. हवं."

नवरा गेला की आपल्याकडे बाईच्या नावापुढे दोन नद्या सोडतात, गंगा आणि भागीरथी. मी म्हटलं, "बापूसाहेब, माझं नाव आधीच यमुना. तीन नद्या झाल्या. एखादं धरण तरी बांधा." हसले नाहीत. त्यांच्या घरी हसायला मुहूर्त लागतो.

खरी गोम तुला सांगते. मागच्या चैत्रात यादीत सौ. राहिलं होतं, म्हणून हळदीकुंकवाचं बोलावणं मला आलं. आणि मी गेले की! तीन पेले पन्हं प्यायले. बापूसाहेब दारात उभे होते, त्यांचा चेहरा असा झाला जसं कुणी त्यांच्याच पन्ह्यात मीठ विसरलंय. गं. भा. झालं की बोलावणं आपोआप बंद. तो नियम आहे.

मला काही वाटत नाही हो. अडतीस वर्षं धार-देवासचं ते हळदीकुंकू मीच चालवलं. आंब्याची डाळ वाटून वाटून खांदा गेला. सुटले म्हणते. तू कर दुरुस्त, तुझं काम आहे ते.

या वर्षी २७ एप्रिललाच आहे ना? सहज विचारते.

तुझी
अक्काआजी


देवास,
३ एप्रिल २०२५

ती. अक्काआजीस ऋजुताचा साष्टांग नमस्कार.

हो, २७ लाच आहे. रविवार आहे.

तुमचं काम काल करून दिलं. मला चांगलं नाही वाटलं, पण बापूसाहेब खुर्ची घेऊन शेजारीच बसले होते. तुम्ही विचारलं होतं न, मी दिवसभर काय करून राहते, तर सांगते. मंडळाची लिस्ट म्हणजे एक मोठा तक्ता आहे. एका माणसाची एक ओळ. नाव, पत्ता, आणि नावाच्या आधी जे लागतं ते, श्री., सौ., कु., गं. भा., त्याचा वेगळा खाना. त्याच्याशी एसक्यूएल नावाच्या भाषेत बोलायचं. ती भाषा मराठीपेक्षा सोपी आहे, कुणी लाल शाई लावत नाही. मी एकच वाक्य लिहिलं: अपडेट कर, या खान्यात गं. भा. लिही. एन्टर दाबला. झालं.

आधीचं सौ. कुठे गेलं, असं तुम्ही नक्की विचाराल. कुठेच नाही. त्याच्यावरच नवं लिहिलं जातं, जुनं मिटून जातं. सॉरी.

खाली कॉम्प्युटरनं लिहिलं, "६१२ ओळी." आपले एकूण सभासद ६१२ च आहेत. म्हणजे त्यानं बिचाऱ्यानं पूर्ण लिस्ट चेक केली असेल.

या वर्षी सगळ्यांना प्लास्टिकचं ओळखपत्र मिळणार आहे. बापूसाहेबांना घाई होती, म्हणून फाइल सरळ छापखान्यात दिली. आज पोस्टात पडली सगळी. तुम्हाला पण येईल.

एक गोड बातमी. हे काम दाखवल्यावर इंदौरच्या एका कंपनीनं मला इंटरव्ह्यूला बोलावलंय, १७ तारखेला. बापूसाहेब चिठ्ठी देणार आहेत, की मुलीचं काम चोख आहे.

तुमची
ऋजुता


धार,
७ एप्रिल २०२५

चि. ऋजुतास अनेक आशीर्वाद, आणि या वेळी जरा जास्तच आशीर्वाद, कारण तुला लागतील.

कार्डं आली गं! अख्ख्या धारमध्ये आली.

पहिले आमचे शेजारी दत्ताजी आले. वय चौऱ्याहत्तर, अजून सकाळी शंभर बैठका मारतात. कार्ड हातात धरून माझ्या ओट्यावर बसले. "अक्का, चष्मा लावून वाचा."

वाचलं. छान गुळगुळीत कार्ड, त्यांचा मिशांवर ताव दिलेला फोटो, आणि खाली नाव: गं. भा. दत्ताजी.

मी म्हटलं, "अगंबाई! कधी झालं हो हे? आणि मला कळवलंसुद्धा नाही!"

"थट्टा नका करू. बायको घरात विचारतेय, तुम्ही गं. भा. तर मग मी कोण? मी गेले का?"

"मग काय सांगितलंत?"

"म्हटलं, चहा टाक, म्हणजे कळेल."

दुपारपर्यंत ओट्यावर मेळा भरला. सगळे गं. भा. पुरुष गं. भा., कुमारिका गं. भा., भजनी मंडळाचा तबलजी गं. भा. सगळ्यांत वाईट त्या ईशानीचं. फेब्रुवारीत लग्न झालेलं पोर, नखांवरची मेंदी अजून उतरली नाही. कार्ड बघून सासू मटकन खाली बसली, कारण नवरा शुभंकर नेमका सकाळीच गाडी घेऊन धामनोदला गेलेला. तो फोन उचलेना. पोरीनं चौदा वेळा लावला. पंधराव्यांदा उचलला तर ही रडत ओरडते, "तुम्ही आहात का?" तो म्हणतो, "आहे की, ढाब्यावर. शेवभाजी खातोय. काय झालं?"

"आधी का नाही उचलला?"

"हात तेलकट होते!"

आता घरी आला की त्याचं खरंच काहीतरी होणार, असं मला वाटतं.

एकटीच मी. ओट्यावर जमलेल्यांत माझ्या एकटीचं कार्ड बरोबर आलं! गं. भा. यमुनाबाई, एकदम सही. दत्ताजी म्हणाले, "अक्का, या सगळ्यात तुमचं काय चुकलं?" म्हटलं, "माझं काही चुकलं नाही, म्हणूनच तर वाईट वाटतंय."

खूप हसले गं पोरी. विश्वासराव गेल्यापासून एवढी हसले नव्हते. पण मग तुझी १७ तारीख आठवली आणि हसू गेलं. काय झालं ते खरं खरं लिही.

अक्काआजी

ता. क. बापूसाहेबांना कार्ड मिळालं का? नुसतं हो-नाही लिहू नकोस, तोंडाचं वर्णन कर.


देवास,
९ एप्रिल २०२५

ती. अक्काआजीस सा. न.

मिळालं. तोंडाचं वर्णन: आधी पांढरं, मग लाल, मग त्यांनी कार्ड उलटं करून बघितलं, की मागे तरी श्री. आहे का.

चूक माझी आहे. त्या वाक्यात शेवटी "व्हेअर" लिहायचं असतं. व्हेअर म्हणजे कुठे, कुणाच्या ओळीत. जिथे नाव यमुनाबाई आहे, फक्त तिथे. बापूसाहेब शेजारून "जल्दी कर, जल्दी कर" करून राहिले होते आणि मी ते लिहायचंच विसरले. कॉम्प्युटरला कुठे ते सांगितलं नाही, की तो सगळीकडे करतो. ६१२ म्हणजे त्यानं चेक नव्हतं केलं, अक्काआजी. सगळ्यांना गं. भा. करून टाकलं होतं.

रोज एक कॉपी निघते, पण ती त्याच जुन्या कॉपीवर बसते. माझ्या लक्षात येईपर्यंत तिच्यातही सगळे गं. भा. होऊन चुकले होते.

पुरुषांना श्री. लावता येईल, लहान मुलींना कु. पण बायका? कोण कुणाची बायको ते लिस्टमध्ये कुठेच बांधलेलं नाही. एका पत्त्यावर तीन सुना, दोन आज्या, सगळ्यांचं आडनाव एक. तुमच्यानंतर हळदीकुंकू बघतात त्या मेधाकाकूंनी सौ. बायकांची यादी मागितली, तर प्रिंटरमधून एक कोरा कागद निघाला. त्या म्हणाल्या, "मग डाळ कुणासाठी भिजवू?"

फोन करून विचारायचं ठरवलं. पहिलाच फोन केला, "काकू, काका आहेत का?"

"बाजारात गेलेत."

"म्हणजे अजून आहेत न?"

काकूंनी जे ऐकवलं ते मी मराठीत लिहू शकत नाही. हिंदीत पण नाही. दुसरा फोन केला नाही.

बापूसाहेबांनी १४ पर्यंत वेळ दिलाय. तोपर्यंत लिस्ट पहिल्यासारखी नाही झाली, तर चिठ्ठी मिळणार नाही. उलट कंपनीला फोन करून सांगतील की या मुलीनं जिवंत माणसं मारली. मला रडू येऊन राहिलंय. तुम्हाला सगळ्यांची घरं माहीत आहेत. काही करता येईल का?

ऋजुता


धार,
११ एप्रिल २०२५

चि. ऋजुतास अनेक आशीर्वाद.

डोळे पूस आणि दार उघड. हे पत्र आत सरकवून दत्ताजी दारात उभे असतील. ते तुमच्या देवासच्या माताजीच्या टेकडीवर दर्शनाला निघालेत, दहा दिवस गं. भा. राहिल्याबद्दल नारळ फोडायचाय म्हणतात. त्यांच्या पिशवीत लाल कापडात बांधलेली माझी वही आहे. त्यांना आधी पाणी दे, मग वही घे, नाहीतर बैठकांबद्दल बोलत बसतील.

ही हळदीकुंकवाची वही. १९८४ पासून २०२२ पर्यंतची. मंडळातली प्रत्येक बाई तिच्यात आहे. धारची, देवासची, सरदारपुर-कन्नौद-धामनोदची. कधी लग्न होऊन आली, कधी सौ. होती, कधी नव्हती, कोण कुठल्या वर्षी आली, काय खाल्लं, काय बोलली. २०२२ नंतरचं शेवटच्या पानावर कालच लिहून काढलंय, त्याला वही लागत नाही, ओटा पुरतो.

वाचायची कशी ते सांगते. माझे अण्णा सरदारपुरजवळच्या खेड्यात पटवारी होते. मी पाचवी शिकले ती शाळेत, आणि लिहायला शिकले ते अण्णांच्या दप्तरात बसून. जमिनीच्या कागदात ते खोडरबर लावू देत नसत. मालक बदलला की जुन्या नावावर एक आडवी रेघ, इतकी बारीक की खालचं नाव वाचता यावं. शेजारी तारीख. खाली नवं नाव. म्हणायचे, "जुनं झाकायचं नाही, यमी. ते कधीपर्यंत होतं तेवढं सांगायचं." मी बायकांच्या यादीत तेच केलं. एकही नाव पुसलेलं नाही. तुझं लाखाचं यंत्र जे विसरलं, ते माझ्या चोपड्यात आहे. एवढं टोचू दे, मग पुढचं कर.

वाचताना तुला दोन-तीन जागी थांबावंसं वाटेल. एक जागा तू वाचावीस म्हणूनच वही पाठवतेय. एक जागा तू वाचू नयेस असं वाटत होतं. काल ते पान फाडायला घेतलं होतं. पण फाडलं असतं तर अण्णा वरून खाली आले असते.

१९९१ चं पान नीट बघ. तिथे माझं अक्षर चांगलं आहे.

अक्काआजी


देवास,
१४ एप्रिल २०२५

ती. अक्काआजीस साष्टांग नमस्कार, खरा, जमिनीवर डोकं ठेवून.

झालं! तीन दिवस आई वाचत होती, मी टाइप करत होते. तुमचे जुने अक्षर मला एकटीला वाचता नसते आले. सगळ्या बायका परत आपापल्या जागी. मेधाकाकूंनी डाळ भिजवायचं प्रमाण काढलं.

आणि मी तुमच्या अण्णांची पद्धत घेतली. आता तक्त्यात जुन्यावर नवं बसतच नाही. काहीही बदलायला गेलं की आधी जुनी ओळ आपोआप दुसऱ्या तक्त्यात जाऊन बसते, तिचं नाव "इतिहास". तिथे दोन खाने, "पासून" आणि "पर्यंत". मग नवी ओळ लागते. शिवाय बदल पक्का करायच्या आधी मी किती ओळी बदलल्या ते बघते. एक पाहिजे असेल आणि दोन दिसल्या, की सगळं मागे. बापूसाहेब "जल्दी" म्हणाले तरी.

तुमची पूर्ण वही इतिहासात घातली. म्हणून आता विचारू शकते.

१९९१. तिथे लिहिलंय, "सगुणाबाई, बापूसाहेबांच्या मातुःश्री. १९८९ पासून गं. भा. गौर यांनीच सजवली. सगळ्यांना अत्तर लावलं. डाळ दोनदा. म्हणाल्या, पन्ह्यात मीठ कमी." आणि बापूसाहेब तर म्हणतात, गं. भा. बायकांना न बोलावणं पूर्वापार आहे! मी तक्त्याला विचारलं, पूर्वापार कधीपासून? त्यानं सांगितलं, १९९७. त्याच्या आधी दरवर्षी सगळ्या येत होत्या.

दुसरं. १९९७ मध्ये एका दिवसात सोळा बायकांच्या नावावर रेघ आहे. अक्काआजी, ती रेघ तुमची आहे. शाई तीच.

तिसरं. तुमची स्वतःची ओळ. तिथे अजून सौ. आहे. रेघ नाही, तारीख नाही. विसरलात का?

बापूसाहेबांना लिस्ट दिली, पण इतिहास अजून दाखवला नाही. अक्षर तुमचं आहे. तुम्ही नाही म्हणालात तर नाही दाखवणार.

ऋजुता


धार,
१६ एप्रिल २०२५

चि. ऋजुतास आशीर्वाद.

दाखव.

दोन्ही पानं दाखव. एकच दाखवलंस तर मी आणि बापूसाहेब सारखेच.

सगुणाबाई होत्या तोवर हा प्रश्नच नव्हता. त्या मधोमध बसायच्या, कुणाची छाती होती त्यांना ऊठ म्हणायची? शहाण्णवच्या दिवाळीत त्या गेल्या. सत्त्याण्णवला बापूसाहेब सेक्रेटरी झाले आणि म्हणाले, "आता जरा शास्त्राप्रमाणे करू या." मी हळदीकुंकवाची मुख्य. मी म्हणायचं होतं, "तुमच्या आईसमोर म्हणायचं होतं हे." नाही म्हटलं. मी सौ. होते. मला वाटलं, माझं काय जातं? पेन घेतलं आणि सोळा रेघा मारल्या, अगदी बारीक, वाचता येतील अशा. अण्णांचा नियम तेवढा पाळला.

त्यातली एक कन्नौदची मनूताई. तेव्हा छत्तीस वर्षांची. नवरा जाऊन तीन वर्षं झालेली. तिला बिचारीला नवा नियम कुणी सांगितला नव्हता. नेहमीसारखी गजरा घेऊन आली. मी दारातच पन्ह्याचा पेला तिच्या हातात दिला. आत ये म्हटलं नाही. ती उभ्यानं प्यायली, पेला ओट्यावर ठेवला आणि कन्नौदची बस धरली. गजरा पेल्याशेजारीच राहिला.

मागच्या वर्षी मी आगाऊपणे आत जाऊन तीन पेले प्यायले ना, त्यातला एकही गोड लागला नाही. दोष मेधाच्या वेलचीला दिला.

तेव्हा बापूसाहेबांना सांग. मला एकटीला बोलावणं पाठवून गप्प करायचं असेल तर मी येणार नाही. यादीत आता गं. भा. किती ते तुझ्या यंत्राला विचार. तेवढ्या सगळ्यांना बोलवा. मनूताईला सगळ्यांत आधी.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मागाहून. पोस्टानं उशीर होईल, म्हणून हे पत्र संध्याकाळच्या बसनं पाठवतेय. उद्या इंदौरला जाताना दहीसाखर खा, आणि तिथे विचारलं की चूक कधी केलीस का, तर हो म्हण. ६१२ म्हण. लपवलंस तर माझी नात नव्हेस.

अक्काआजी


देवास,
१९ एप्रिल २०२५

श्रीमती यमुनाबाई यांस,

कृतानेक नमस्कार, विनंती विशेष.

चि. ऋजुता हिने आपल्या वहीतील दोन पाने मला दाखविली. सन १९९७ चे पान मी जाणून होतो. १९९१ चे विसरलो होतो. "पन्ह्यात मीठ कमी" हे वाचताना मातुःश्रींचा आवाजच कानी आला. त्या माझ्याही पन्ह्यास हेच म्हणत.

"पूर्वापार" हा शब्द मी पुष्कळ ठिकाणी वापरतो. यापुढे तारीख पाहून वापरीन.

मंडळाच्या दप्तरी गं. भा. अशा एकेचाळीस भगिनी आहेत. सर्वांस आमंत्रणे रवाना केली आहेत. कन्नौदच्या मनूताईंचे मी स्वतः जाऊन देऊन आलो. त्यांनी मला दारातच उभे ठेवले. आमंत्रण मात्र घेतले.

चि. ऋजुता हिला चिठ्ठी दिली. काम चोख आहे असे लिहिले नाही. चूक कबूल करते व दुरुस्त करते, असे लिहिले.

एक खाजगी विनंती. तिच्या त्या इतिहासाच्या तक्त्यात "गं. भा. बापूसाहेब, पासून २ एप्रिल, पर्यंत १४ एप्रिल" अशी ओळ कायमची राहिली आहे. मी काढ म्हटले तर म्हणते, इतिहासातले काढता येत नाही, अक्काआजींचा नियम आहे. तेरा दिवस होतात हो! घरात सर्व जण मोजून हसतात. आपण शब्द टाकल्यास ती ऐकेल.

आपला नम्र,
बापूसाहेब


धार,
२९ एप्रिल २०२५

चि. ऋजुतास अक्काआजीचे अनेक आशीर्वाद, आणि नोकरीबद्दल पाठीवर एक धपाटा. त्यांनी ६१२ ऐकून हसत हसत तुला घेतलं, हे फार आवडलं मला. हसतात अशी माणसं असतील तिथे काम बरं होतं.

रविवारी तू स्वयंपाकघरात होतीस, बाहेरचं तुला दिसलं नाही, म्हणून लिहिते.

मी दारात बसून होते. बापूसाहेब म्हणाले, आत चला, गौरीसमोर बसा. म्हटलं, येते. चार वाजता रिक्षातून मनूताई उतरली. केस पांढरे झालेत, चाल तीच. हातात गजरा. माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि म्हणते, "अक्का, पन्हं आत आहे की दारात?"

अठ्ठावीस वर्षं जपून ठेवला होता गं तो प्रश्न. मी उठून उभी राहिले. म्हटलं, "तू सांगशील तिथे."

ती म्हणाली, "मग मी आत बसून पिते. तू इथे उभी राहा. पेला संपेपर्यंत."

आणि गेली आत. मी उभी. बायका येतायत, "अक्का, दारात का?" मी म्हणते, "हवा खातेय." आतून मेधाचा आवाज, "मनूताई, आणखी थोडं?" आणि ही म्हणते, "घाल, घाल. आज घाई नाही." दोन पेले प्यायली बया! सावकाश! माझे गुडघे बोलायला लागले. मग बाहेर आली, माझ्या हातात तिसरा पेला दिला आणि तो गजरा माझ्याच अंबाड्यात खोचला. म्हणाली, "मीठ कमी आहे." मी प्यायले. कमीच होतं. पण गोड लागलं.

दत्ताजी बाहेर पुरुषांत बसले होते. बायकोनं विचारलं, तुम्ही का आत येत नाही, तुम्हीही होतात की गं. भा.! बापूसाहेबांनी ऐकलं आणि हसले. मी पाहिलं, दात दिसले.

आता तुझा तिसरा प्रश्न. विसरले नव्हते. बाकी सगळ्यांच्या नावांवर रेघ मारली, माझ्यावर हात गेला नाही. दोनदा वही उघडली. मला वाटायचं, रेघ मारली की ते होतेच नाहीत असं होईल. अण्णांनी आयुष्यभर उलटं शिकवलं, पण स्वतःच्या नावाशी आलं की माणूस अडाणी होतो. तुझ्या तक्त्यात जुनी ओळ शाबूत राहते म्हणालीस. मग लिही, मी सांगते:

सौ. यमुनाबाई. पासून २ मे १९७२. पर्यंत ११ फेब्रुवारी २०२३.

पन्नास वर्षं, नऊ महिने, नऊ दिवस. मी बोटांवर मोजलं, तुझं यंत्र काय म्हणतं ते कळव. त्याच्या खाली नवी ओळ लाव. पुढे नद्या नकोत, पुष्कळ झालं पाणी. नुसतं अक्का लिही. "पर्यंत"चा खाना रिकामा ठेव, मला घाई नाही.

आणि एन्टर दाबायच्या आधी "कुठे" लिही गं बाई. नाहीतर उद्या अख्खं धार अक्का होऊन बसेल, आणि एकीचाच त्रास किती आहे ते दत्ताजींना विचार.

बापूसाहेबांनी मला शब्द टाकायला सांगितलाय. टाकते. त्यांना म्हणावं, अक्कांनी आपली पन्नास वर्षं ठेवलीत. तुम्हीही तुमचे तेरा दिवस ठेवा.

तुझी
अक्काआजी